कचऱ्याच्या जमिनीत नव्या मेटल डिटेक्टरची ओळख

इंग्लंडच्या पूर्वेकडील सफक परगण्यात मी ज्या कुरणात दर शनिवारी जाते, त्याच्या एका कोपऱ्यात पूर्वी लाकडी कोठार होते. ते पाडले तेव्हा लाकूड तिथेच जाळले गेले आणि त्यातले खिळे, बिजागऱ्या, कड्या आणि साखळ्यांचे तुकडे राखेबरोबर जमिनीत गेले. आज त्या जागी डिटेक्टर सुरू केला, की एका पावलाच्या अंतरात सात-आठ आवाज येतात. बहुतेक जण अशी जागा टाळतात आणि मोकळ्या शेताकडे वळतात. परंतु जिथे माणसे दीडदोनशे वर्षे राबली, बसली आणि भाकरतुकडा खाल्ला, तिथेच त्यांच्या खिशातून नाणी गळाली आणि सदऱ्यांची बटणे तुटली. ज्या कारणाने तिथे कचरा साचला, त्याच कारणाने तिथे नाणीही आहेत, आणि इतरांनी ती जागा सोडून दिल्यामुळे ती अजूनही तिथेच आहेत.

नवे यंत्र अशाच जमिनीत शिकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मोकळ्या शेतात तासाला चार आवाज येतात आणि त्यावरून यंत्राची भाषा कळत नाही. कोठाराच्या जागी तासाभरात शंभर आवाज कानावरून जातात. गायन शिकणाऱ्याचा जसा आधी कान तयार व्हावा लागतो, तसेच इथेही आहे. बटणे कोणती दाबायची हे दहा मिनिटांत कळते, पण कान तयार व्हायला मला तीसेक तास लागले. ते तास वाया जाऊ नयेत, म्हणून काय कोणत्या क्रमाने करावे, ते इथे सविस्तर मांडत आहे.

परवानगी आणि कायदा

इंग्लंडमध्ये प्रत्येक जमिनीला मालक आहे, आणि मालकाच्या परवानगीशिवाय डिटेक्टर चालवता येत नाही. नगरपालिकेच्या बागांनाही हाच नियम लागू आहे. परवानगी लेखी घ्यावी आणि मौल्यवान वस्तू सापडल्यास वाटणी कशी होईल, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे. संरक्षित प्राचीन स्थळांवर १९७९ च्या कायद्यानुसार शासकीय परवान्याशिवाय यंत्र नेणे हा गुन्हा आहे, त्यामुळे आपले शेत अशा स्थळाच्या हद्दीत येत नाही ना, हे नकाशावर आधी पाहावे.

१९९६ चा ट्रेझर ॲक्ट इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडला लागू आहे. तीनशे वर्षांहून जुनी आणि किमान दहा टक्के सोने किंवा चांदी असलेली वस्तू, अथवा एकाच ठिकाणी सापडलेली तशी दोन किंवा अधिक नाणी, ही त्या कायद्याने ट्रेझर ठरतात आणि त्यांची खबर चौदा दिवसांत कॉरोनर या स्थानिक न्यायिक अधिकाऱ्याला द्यावी लागते. जुलै २०२३ पासून दोनशे वर्षांहून जुन्या, ऐतिहासिकदृष्ट्या असाधारण महत्त्वाच्या धातूच्या वस्तूही त्यात आल्या आहेत. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, आणि उत्तर आयर्लंडमध्ये पुरातन वस्तूंच्या शोधासाठी खणायचे तर परवाना लागतो.

गावाकडची मंडळी मला वारंवार विचारतात, की हेच यंत्र महाराष्ट्रात आणून एखाद्या गडाच्या पायथ्याशी फिरवता येईल का. माझे उत्तर ठाम नकाराचे आहे. भारतात १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट अजून लागू आहे. त्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली, तर तिची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, मग जमीन स्वतःची का असेना. संरक्षित स्मारकांच्या परिसरात परवानगीशिवाय खणणे हा तर स्वतंत्र गुन्हा आहे. गडावरच्या मातीतले एखादे शिवराई नाणे उपसून खिशात घातले, की ते कोणत्या थरात आणि कशाशेजारी होते ही माहिती कायमची पुसली जाते, आणि हे नुकसान कोणत्याही दंडाने भरून येत नाही.

यंत्र काय ऐकते

कॉइल म्हणजे दांड्याच्या टोकाची, जमिनीवरून फिरवायची चकती. तिच्यात तारेची वेटोळी असतात. एक वेटोळे जमिनीत सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र सोडते, त्या क्षेत्रात आलेल्या धातूमध्ये भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह फिरू लागतात, आणि त्या प्रवाहांचे क्षीण क्षेत्र दुसरे वेटोळे टिपते. हे उत्तर मूळ क्षेत्राच्या किती मागे रेंगाळते, त्यावरून यंत्र पडद्यावर दाखवायचा आकडा ठरवते. जाड तांबे किंवा चांदी असेल तर उत्तर जास्त रेंगाळते आणि आकडा वर जातो. पातळ वर्ख किंवा लहानसा तुकडा असेल तर आकडा खाली राहतो. लोखंड स्वतः चुंबकित होत असल्यामुळे त्याचे उत्तर निराळेच येते. उदाहरणार्थ, माइनलॅब कंपनीच्या इक्विनॉक्स ८०० या यंत्रावर उणे ९ ते ० हे आकडे लोखंडासाठी आणि १ ते ४० हे इतर धातूंसाठी राखलेले आहेत.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी, की आकडा धातूचे नाव सांगत नाही. धातू, आकार, जाडी आणि वस्तू जमिनीत कशी पडली आहे, या सगळ्यांची ती गोळाबेरीज असते. सोन्याची नाजूक अंगठी, शीतपेयाच्या डब्याची कडी आणि चॉकलेटच्या वर्खाची घडी यांचे आकडे एकमेकांत मिसळतात, त्यामुळे आकड्यावरून वर्ख गाळणारा माणूस अंगठीही गाळतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कॉइलखाली खिळा आणि नाणे एकाच वेळी आले, तर यंत्राला दोघांच्या उत्तरांची बेरीज मिळते, आणि ती बेरीज बहुधा खिळ्याच्या बाजूला झुकते. त्यात लोखंड गाळण्याची, म्हणजे त्याचा आवाज दाबण्याची मांडणी (सेटिंग) चालू असेल, तर खिळ्यावरून जाताना यंत्र क्षणभर गप्प बसते आणि शेजारचे नाणे त्या शांततेत हरवते. कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक मांडण्यांमध्ये लोखंड गाळलेलेच असते. माझ्या पहिल्या चार शनिवारी कोठाराच्या जागेवर मला जवळजवळ संपूर्ण शांतता ऐकू आली, आणि ती जागा रिकामी आहे असे समजून मी पुढे जात राहिले. गाळणी बंद केली, तेव्हा कळले की त्या शांततेत शेकडो खिळे होते.

घरच्या गवतावर पहिला धडा

शेतात जाण्याआधी एक फळी तयार करावी. हातभर लांब-रुंद प्लायवूड पुरेसे आहे, मात्र त्यात लहानमोठा एकही खिळा नसावा. मध्यभागी एक नाणे ठेवावे आणि त्याच्या भोवती, सहा-सात सेंटिमीटर अंतरावर, चार जुने गंजलेले खिळे आडवे ठेवावेत. घराच्या आत हा प्रयोग करू नये, कारण जमिनीतल्या सळया आणि भिंतीतल्या विजेच्या तारा यंत्राला गोंधळात टाकतात. बाहेर गवतावर, पायांत पोलादी टोकाचे बूट न घालता आणि फोन दूर ठेवून तो करावा.

नाणे निवडतानाही काळजी हवी. ब्रिटनची १ आणि २ पेनीची नाणी १९९२ पासून तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची आहेत, आणि ५ व १० पेन्सची नाणी २०१२ पासून निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाची आहेत. ती चुंबकाला चिकटतात आणि यंत्राला विचित्र आवाज काढायला लावतात, म्हणून फळीवर १९९२ पूर्वीची, कांशाची २ पेनी ठेवावी.

आता कॉइल फळीवरून एका दिशेने फिरवावी, मग फळी थोडी वळवून पुन्हा, असे पूर्ण वर्तुळ करावे. काही दिशांनी नाणे स्वच्छ वाजेल, काही दिशांनी अर्धवट, आणि एखाद्या दिशेने फक्त खिळेच ऐकू येतील. खिळे हळूहळू जवळ सरकवून नाणे कोणत्या अंतरावर पूर्ण बुजते तेही पाहावे. मी हे तासभर केले आणि त्या तासाभरात मला माहितीपुस्तिकेच्या दोन वाचनांपेक्षा अधिक कळले. मात्र फळीवर मिळालेली खोली शेतात मिळेल असे धरू नये. मातीत खनिजे असतात, आणि जमिनीतले गंजते लोखंड आपल्या भोवतीच्या मातीलाही रंगवून स्वतःचा आवाज मोठा करते.

शेतात पहिली मांडणी

जागा लहान घ्यावी. मी पाच मीटर लांब आणि पाच मीटर रुंद चौकोन दोरीने आखून घेतला आणि सहा आठवडे त्याबाहेर पाऊल टाकले नाही. संपूर्ण शेत समोर असले की माणूस भटकतो आणि एकच आवाज दोनदा ऐकण्याची संधी गमावतो.

यंत्र कारखान्यातल्या मांडणीवर आणावे आणि आजूबाजूचा विद्युत गोंगाट टाळण्यासाठी दिलेली सोय वापरून शांत वारंवारता निवडावी. कुरणाला विजेचे कुंपण असेल, तर ठरावीक अंतराने टक्-टक् असा आवाज येत राहतो. तो जमिनीतला नसतो, म्हणून शक्य असल्यास मालकाला विचारून कुंपण तेवढ्यापुरते बंद करून घ्यावे. त्यानंतर ग्राउंड बॅलन्स करायचा, म्हणजे मातीतल्या खनिजांचे उत्तर यंत्राला वगळायला लावायचे. कॉइल जमिनीवर खालीवर हलवताना खाली एकही धातू नसावा. कोठाराच्या जागेवर असा तळहाताएवढा तुकडाही सापडत नाही, म्हणून मी कुंपणालगतच्या स्वच्छ पट्ट्यात बॅलन्स करून मग चौकोनात येते. यंत्राने आपोआप जमिनीचा मागोवा घेण्याची सोय अशा ठिकाणी बंद ठेवावी, कारण सतत लोखंड ऐकून ती त्यालाच जमीन समजू लागते.

सेन्सिटिव्हिटी, म्हणजे क्षीण उत्तरे टिपण्याची यंत्राची क्षमता, वाढवण्याचा मोह आवरावा. नव्या माणसाला वाटते, की जास्त सेन्सिटिव्हिटी म्हणजे जास्त खोली आणि जास्त खोली म्हणजे जास्त नाणी. कचऱ्याच्या जमिनीत हे उलटते, कारण खोलवरचे लोखंडही बोलू लागते आणि वरचे, एका वितीत असलेले नाणे त्या गलक्यात ऐकू येत नाही. मी उपलब्ध पातळीच्या सुमारे तीन चतुर्थांशावर सुरुवात करते, आणि तरीही बडबड थांबली नाही तर आणखी खाली येते.

रिकव्हरी स्पीड मात्र वाढवावी. एका वस्तूचे उत्तर संपवून दुसऱ्या वस्तूसाठी यंत्र किती लवकर सज्ज होते, ते या मांडणीने ठरते. ती वाढवली की प्रत्येक आवाज आखूड होतो आणि खोली थोडी घटते, पण जवळजवळ असलेले खिळा आणि नाणे दोन निराळे आवाज म्हणून कानावर येतात. सर्वांत वरच्या पायरीवर आवाज इतके तुटक होतात, की नवख्या कानाला त्यांचा पोत कळत नाही, म्हणून शिकताना त्याच्या एक-दोन पायऱ्या खाली राहणे बरे.

शेवटची आणि माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे लोखंडाची गाळणी पूर्ण काढून टाकावी आणि लोखंडाचा आवाज खालच्या पट्टीत, हळू पण ऐकू येईल इतका ठेवावा. सुरुवातीला दोनच सूर ठेवले तरी चालते, लोखंडासाठी खर्ज आणि बाकी सगळ्यासाठी वरचा. पहिला अर्धा तास डोके भणभणते. हेडफोन काढून दहा मिनिटे झाडाखाली बसावे आणि पुन्हा सुरू करावे. तिसऱ्या दिवसापर्यंत तो खर्ज पावसाच्या आवाजासारखा मागे पडतो आणि त्यातून वर येणारी टिपकी वेगळी जाणवू लागते.

हात कसा फिरवावा

आजकाल बहुतेक यंत्रांबरोबर डीडी प्रकारची कॉइल येते. तिचे ऐकण्याचे क्षेत्र कॉइलच्या मध्यरेषेत, पुढून मागे, सुरीच्या पात्यासारखे अरुंद असते. ही सुरी आडवी फिरत असल्यामुळे एकमेकांच्या डाव्या-उजव्या बाजूला असलेल्या वस्तू ती सहज वेगळ्या करते, परंतु एकापुढे एक असलेल्या वस्तू एकाच वेळी तिच्याखाली येतात. त्यामुळे उत्तर-दक्षिण चालताना बुजलेले नाणे पूर्व-पश्चिम चालताना बोलते. हे एकदा नीट उमगले, की एका चौकोनावरून चारही दिशांनी का जायचे ते वेगळे सांगावे लागत नाही.

कॉइल जमिनीला समांतर आणि जमिनीच्या अगदी जवळ ठेवावी. झोक्याच्या टोकाला ती वर उचलली जाते, ही सगळ्यांचीच खोड आहे. डावीकडून उजवीकडे आणि परत डावीकडे यायला दोन ते तीन सेकंद लागावेत. पुढचा झोका मागच्या झोक्यावर निम्मा तरी चढलेला असावा. संशयास्पद आवाज आला, की मोठे झोके थांबवून त्याच जागी वीतभर रुंदीचे छोटे, झटपट झोके द्यावेत.

यंत्राबरोबर मिळणारी मूळ कॉइल साधारणपणे अकरा इंची असते. तिच्याखाली एका वेळी जितका कचरा येतो, त्याच्या कितीतरी कमी सहा इंची कॉइलखाली येतो, म्हणून परवडत असेल तर लहान कॉइल जरूर घ्यावी. परंतु पहिले काही आठवडे मूळ कॉइलवरच काढावेत. दोन कॉइलींचे आवाज एकदम शिकायला गेले, की एकही धड बसत नाही.

पहिले पन्नास आवाज

इथे संयमाचा खरा कस लागतो. पहिल्या चौकोनातले पहिले पन्नास आवाज, लोखंडासह, सगळे खणावेत. प्रत्येक वेळी खणण्याआधी वहीत चार गोष्टी लिहाव्यात: आवाज कसा होता, आकडा कुठून कुठपर्यंत हलला, कॉइल काटकोनात फिरवल्यावर काय झाले, आणि आपला अंदाज काय आहे. वस्तू हातात आल्यावर पाचव्या रकान्यात खरे उत्तर लिहावे. अंदाज आधी लिहिणे आवश्यक आहे, कारण नंतर मन स्वतःची समजूत घालते, की आपल्याला आधीच कळले होते.

आवाजांसाठी आपलेच शब्द वापरावेत. माझ्या वहीत गोल, तुटका, खरखरीत, टोकदार आणि शेपटीचा असे पाच शब्द आहेत. गोल आवाज दोन्ही बाजूंनी सारखा सुरू होतो आणि सारखा संपतो. शेपटीचा आवाज वरच्या सुरात सुरू होतो आणि खर्जात ओढला जातो. माझ्या वहीत असे एकोणीस आवाज आहेत आणि त्यांतले सतरा खिळे किंवा घोड्याच्या नालाचे तुकडे निघाले. उरलेल्या दोनांबद्दल पुढे सांगते.

पन्नास आवाजांनंतर वही घेऊन बसले, की आपल्या जमिनीचे आणि आपल्या यंत्राचे नाते दिसू लागते. काडतुसांची पितळी बुडे कोणत्या आकड्याभोवती जमतात, शिशाचे तुकडे कुठे, दगडी कोळशाची राख कसला फसवा आवाज काढते, हे दुसऱ्याच्या तक्त्यातून कधीच नेमके मिळत नाही, कारण ते मातीगणिक बदलते.

लोखंड चांदीचे सोंग घेते तेव्हा

लहान सरळ खिळा सहसा प्रामाणिक असतो. वाकलेला खिळा, बिजागरी, साखळीची कडी, पत्र्याचा सपाट तुकडा आणि वॉशर हे मात्र फसवतात. त्यांच्या आकारामुळे प्रवाह त्यांच्यात मोकळे फिरतात आणि यंत्र लोखंडाला चांगल्या धातूचा, कित्येकदा पट्टीच्या अगदी वरच्या टोकाचा आकडा देते. अशाच एका आकड्यामागे लागून मी कोपरभर खड्डा खणला आणि नांगराच्या फाळाचा तुकडा बाहेर काढला.

यावर उपाय म्हणजे खणण्याआधी चार गोष्टी तपासणे. पहिल्यांदा आवाजाभोवती चालत जाऊन काटकोनात झोके द्यावेत. खिळ्याचा वरचा सूर एका दिशेने येतो आणि दुसऱ्या दिशेने विरतो, नाण्याचा सहसा टिकतो. मग पिनपॉइंटची कळ दाबून नेमकी जागा शोधावी. वरचा सूर जिथे वाजत होता तिथेच ती जागा आली तर आशा ठेवावी, आणि ती चार बोटे बाजूला सरकली तर तो खिळ्याच्या टोकाचा भास आहे, असे समजावे. तिसरे, कॉइल हळूहळू वर उचलावी. नाण्याचा आवाज वीतभरात पुसट होऊन संपतो, पण गुडघ्यापर्यंत उचलूनही आवाज येत राहिला तर खाली मोठे लोखंड आहे. शेवटी कॉइल आवाजावरून हळूहळू मागे ओढत न्यावी आणि सूर संपताना तो खर्जात बुडतो का, ते ऐकावे.

या चार तपासण्यांनंतरही शंका राहिली, तर खणावे. शेपटीच्या त्या दोन अपवादांपैकी एक असाच होता. तीन दिशांनी खर्ज येत होता, आणि चौथ्या दिशेने, तीही झोका उजवीकडे जातानाच, एक आखूड पण गोल टिपकी ऐकू यायची. परत येताना ती नसायची. मी गुडघे टेकून कॉइल बोटभर सरकवत राहिले, तेव्हा ती टिपकी दोनदा सलग आली. गवताची ढेप उलटली, तर तिच्या खालच्या बाजूला घोड्याच्या नालाचे दोन खिळे चिकटले होते, आणि ते काढल्यावर त्याच जागी आवाज एकदम स्वच्छ झाला. चार इंचांवर, उभ्या कडेवर, १९२१ चे सहा पेन्सचे नाणे होते, आपल्याकडच्या जुन्या पंचवीस पैशांएवढे. ब्रिटनच्या नाण्यांमध्ये १९२० पासून १९४६ पर्यंत निम्मी चांदी होती, आणि उभे पडलेले नाणे कॉइलला आपली कडच दाखवते, म्हणून ते इतके लाजत बोलत होते. दुसरा अपवाद पितळी बटणाचा होता. तेव्हापासून मी एक नियम पाळते: लोखंड काढल्यावर खड्डा बुजवण्याआधी त्यावरून पुन्हा कॉइल फिरवायचीच.

एका वेळी एकच बदल

पन्नास आवाज झाल्यावर मांडणीशी खेळायला हरकत नाही, पण पद्धत पाळावी. एखादा संशयास्पद आवाज सापडला की तो लगेच खणू नये. आहे त्या मांडणीत ऐकावा, मग फक्त रिकव्हरी स्पीड दोन पायऱ्या खाली-वर करून ऐकावा, ती जागेवर आणावी, मग सेन्सिटिव्हिटी, मग लोखंडाकडे झुकण्याचे प्रमाण बदलणारी मांडणी असेल तर ती. हे शेवटचे प्रमाण वाढवले की फसवे लोखंड गप्प होते, पण लोखंडाला खेटलेले खरे नाणेही गप्प होते. मी ते कमी ठेवते आणि जास्तीचे खिळे खणण्याची किंमत मोजते. सगळे ऐकून झाल्यावर अंदाज लिहावा आणि मग खणावे. असे दहा आवाज पुरेत.

एक जमीन मात्र अशी आहे, जिथे ही सगळी मेहनत व्यर्थ जाते. इंग्लंडमध्ये घरोघरीच्या बागेतल्या कचऱ्याचे खत करून ते शेतांत पसरतात, आणि त्यात पुष्कळदा ॲल्युमिनियमचे डबे, वर्ख आणि प्लास्टिक यांचा चुरा मिसळलेला असतो. शेताच्या प्रत्येक इंचावर चांगल्या धातूचा आवाज येतो आणि खणल्यावर नखाएवढी चकाकती किरची हाती येते. अशा शेतातून निघून यावे आणि मातीत काय मिसळले आहे ते मालकाला दाखवावे; किरचींची मूठभर पिशवी पाहून माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याला फार वाईट वाटले होते.

खणणे, थांबणे, बुजवणे

कुरणात गवताची ढेप तीन बाजूंनी कापावी आणि चौथी बाजू बिजागरीसारखी जोडलेली ठेवून उलटावी. सुटी माती कापडावर काढावी, हातातल्या पिनपॉइंटरने, म्हणजे कांडीसारख्या छोट्या डिटेक्टरने, खड्ड्याच्या भिंतीही तपासाव्यात, आणि माती परत भरून ढेप पायाने दाबावी. नांगरलेल्या शेतात नांगराच्या खोलीपेक्षा खाली जाऊ नये, कारण त्याखालचे थर अजून जागचे हललेले नसतात आणि ते पुरातत्त्वज्ञांसाठी राखायचे असतात. सापडलेले नाणे बोटांनी चोळू नये. मातीचा एक कण चांदीवर कायमचा ओरखडा पाडतो.

एकाच खड्ड्यातून दुसरे, तिसरे जुने नाणे निघाले, तर हात थांबवावा. सफकमधल्याच हॉक्सन गावी नोव्हेंबर १९९२ मध्ये एरिक लॉज नावाचा माणूस एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधत होता आणि त्याला चांदीचे चमचे, दागिने आणि नाणी लागली. त्याने सगळे उपसले नाही, खबर दिली, आणि दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी तो साठा जसाच्या तसा उचलला. त्यात सुमारे १५,००० रोमन नाणी होती. ती कोणत्या लाकडी पेटीत आणि कशी रचली होती, हेदेखील त्यामुळेच कळले. आज तो साठा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि तो हातोडाही तिथेच आहे. ट्रेझर न ठरणाऱ्या जुन्या वस्तूही पोर्टेबल ॲन्टिक्विटीज स्कीम या नोंदणी-योजनेच्या स्थानिक अधिकाऱ्याला दाखवून नोंदवाव्यात. बॉम्ब किंवा तोफगोळ्यासारखे काही दिसले तर हात न लावता दूर जावे, जागेवर खूण करावी आणि ९९९ वर फोन करावा. सफकमध्ये युद्धकाळातले विमानतळ पुष्कळ होते आणि त्यांचा दारूगोळा अजून मातीत मिळतो.

एक चौकोन केव्हा संपला म्हणावा, याचेही उत्तर वहीतच मिळते. चारही दिशांनी फिरून झाले, वरचे लोखंड निघाले, लहान कॉइलने पुन्हा फेरी झाली आणि सलग दोन शनिवारी शेपटीच्या आवाजाशिवाय काही लिहिले गेले नाही, की दोरी शेजारच्या पाच मीटरवर सरकवावी. चांगला पाऊस पडून गेल्यावर एकदा परत यावे, कारण ओल्या मातीत काही पुसट आवाज पुन्हा वर येतात.

काढलेला कचरा परत खड्ड्यात टाकू नये. मी फाटकापाशी एक बादली ठेवते. गाय चरताना गवताबरोबर खिळा गिळते, तो पोटात टोचतो आणि जनावर दगावू शकते, त्यामुळे कुरणातला प्रत्येक खिळा मालकाच्या दृष्टीने जोखमीचा असतो. पहिल्या सहा आठवड्यांत त्या पाच मीटरच्या चौकोनातून साडेतीन किलो लोखंड निघाले. ते मी शेतकरी आजोबांसमोर ओतले, तेव्हा त्यांनी एक वाकडा खिळा उचलून बराच वेळ बोटांत फिरवला आणि तो आपल्या वडिलांनी ठोकलेला असावा असे म्हणाले. नंतर त्यांनी ओढ्यापलीकडच्या दुसऱ्या कुरणाच्या फाटकाची किल्ली माझ्या हातात दिली. तिथेही पूर्वी गोठा होता.